वायरमनची सत्तेचाळीस मिनिटं

माणूस गेला की त्याचा स्वभाव गोड होतो, असा आपल्याकडे रिवाज आहे. मी तो पाळणार नाही. वायरमन अत्यंत त्रासदायक माणूस होते. मी त्यांचं जे नुकसान केलं ते पुढे सांगणारच आहे, पण ते सांगायचं म्हणून त्यांना आधी साखरेत घोळवून घेण्याची माझी तयारी नाही. तसं केलेलं त्यांनाच आवडलं नसतं. बाहेरचा रंग बघून आतली वायर ओळखू नये, असं ते प्रत्येक बाबतीत म्हणत. वायरीच्या बाबतीत ते खरं असेलही.

त्यांना नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. शहापूरच्या बाजारात, डोळखांबकडच्या पाड्यांवर, मुरबाडजवळच्या त्यांच्या मूळ गावात, सगळीकडे ते वायरमनच. आयुष्यभर विजेच्या खांबांवर चढले आणि निवृत्त होऊन आमच्या आळीत राहायला आले. मी शाळेतून निवृत्त झालेला मुख्याध्यापक. दोघांनाही वेळ भरपूर, तेव्हा ओळख झाली. मैत्री म्हणावी का, याचा विचार मी अजून करतो आहे.

घरात आले की आधी मीटर बघायचे. चप्पल काढायच्या अगोदर. मग वाचून दाखवायचे, मग नमस्कार. त्यानंतर आत येऊन, ज्या ज्या खोलीत माणूस नाही तिथला दिवा बंद करायचे. एकदा माणूस असलेल्या खोलीतलाही केला. आमची ही तिथे तांदूळ निवडत होती.

"भावजी, मी बसलेय इथं," ती म्हणाली.

"बसा ना वयनी. बसायला लाईट कशाला लागते?"

निवृत्तीनंतर मुलीने त्यांना एक बऱ्यापैकी फोन घेऊन दिला. बाकीचे लोक फोनवर नातवंडांचे फोटो बघतात. ह्यांनी पर्यावरणावर फिल्मा काढायचं मनावर घेतलं. फिल्मा हा त्यांचाच शब्द. मी 'लघुपट' म्हणा असं सुचवलं, तर म्हणाले, "लघु कशावरून?" हा प्रश्न किती रास्त आहे ते मला त्यांची पहिली फिल्म पाहिल्यावर कळलं.

पहिली फिल्म एसटी स्टँडजवळच्या एका गळक्या नळाची होती. बावीस मिनिटं. नळ गळतो आहे. माणसं येतात, जातात, नळ गळतो आहे. ती आमच्या घरी टीव्हीला जोडून दाखवली. हिने उठून चहा टाकला, शेजारी जाऊन विरजण आणलं, परत आली, तरी नळ गळतच होता. मी विचारलं की पुढे काय होतं. ते म्हणाले, पुढे पण गळतो, आज सकाळी बघून आलो. मी म्हटलं, एक मिनिट दाखवलंत तरी लोकांना कळेल. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच तो नळ उघडा ठेवला होता.

"तोडायची नाय, गुरुजी. आपन लोकांना सांगतो काय? झाड तोडू नका, डोंगर फोडू नका. आन् मी घरी बसून कापाकापी करू?"

हा त्यांचा नियम होता आणि तो त्यांनी कधी मोडला नाही. फिल्म सुरू केली की संपेपर्यंत चालू. मध्ये खोकला आला तर खोकल्यासकट. मुरबाडच्या बाजारात प्लास्टिकच्या पिशव्यांवर फिल्म काढायला ते घरची लाकडी शिडी घेऊन गेले, भर भाजीबाजारात ती मांडली आणि वर चढून बसले. एक मेथीवाली त्यांना अर्धा तास शिव्या देत होती, त्या सगळ्या फिल्ममध्ये आहेत. मग एक गाय पिशवी चघळताना दिसली. वायरमन फोन शिडीला बांधून खाली उतरले, गाईच्या तोंडात हात घालून पिशवी ओढायला लागले. फोन चालूच. त्यामुळे पुढची वीस मिनिटं फक्त त्यांची खाकी सदऱ्यातली पाठ आणि गाईचं शेपूट दिसतं. ही फिल्म त्यांनी माझ्या जुन्या शाळेत दाखवली. निम्मी मुलं झोपली. उरलेली निम्मी पाठ बघून हसली. मला सध्याच्या मुख्याध्यापकांची माफी मागावी लागली. वायरमन मात्र खूश होते, कारण एका मुलीने विचारलं की पिशवी निघाली का. "निघाली बाय," त्यांनी तिला सांगितलं, "पन ती माझ्या पाठीमागं निघाली."

दुसरी खोड याहून वाईट. प्रत्येक वेळी फोन सुरू केला की ते आधी मोठ्याने वार आणि वेळ सांगायचे. "आज वार बुधवार. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं. मी स्वतः हजर." मग फिल्म. बंद करतानाही तसंच. मी म्हणायचो, अहो, ही काय पोलीस पाटलाची नोंद आहे का. तेव्हा त्यांनी मला त्यांच्या कामातली गोष्ट सांगितली. खांबावर चढायच्या आधी लाईन बंद करून घ्यायची आणि बंद केल्याची वेळ वहीत लिहायची. खाली उतरल्यावर परत चालू केल्याची वेळ लिहायची. ती वेळ चुकली, कोणी मधलीच ओळ गाळली, तर वर चढलेला माणूस मेला.

"पण इथे खांबावर कोण चढलंय?" मी वैतागून विचारलं.

"ज्याला दाखवतो तो," ते म्हणाले आणि माझ्या स्वयंपाकघरातला दिवा बंद करायला गेले.

मला तेव्हा हे बोलणं फार ताणलेलं वाटलं होतं.

आता राबाचं. आमच्या भागात भाताचं रोप टाकायच्या आधी, उन्हाळ्यात, त्या तेवढ्या तुकड्यावर शेणी, पालापाचोळा, झाडांच्या छाटलेल्या डहाळ्या पसरतात, वर बारीक माती टाकतात आणि ते सगळं सावकाश भाजून काढतात. याला राब म्हणतात. राबाच्या जमिनीत तण कमी, रोप जोमदार. डोळखांबकडच्या पाड्यांवर घरटी एक राब असतोच. त्याच दिवसांत डोंगरांना वणवे लागतात. त्यामुळे गावात बसलेली शहाणी माणसं सरळ हिशेब करतात की पाड्यातले लोक राब जाळतात आणि डोंगर पेटवतात. मीही असंच म्हणत होतो. शाळेत निबंध सांगताना सांगितलंही असेल.

वायरमनना या एका वाक्याचा भयंकर राग होता. त्यातही 'जाळतात' या शब्दाचा.

"भाजतात. जाळत नायत. भाकर भाजतात का जाळतात?"

"कधी कधी जळते," मी म्हटलं.

"ती लक्ष नसल्यावर. राबाजवळनं मानूस हलत नाय. तुमी कवा बघितलाय?"

मी बघितला नव्हता. चाळीस वर्षं त्या मुलखात मास्तरकी करून मी राब भाजताना पुरा बघितला नव्हता. मग त्यांनी ठरवलं की हे लोकांना दाखवायचं. डोळखांबच्या पलीकडे एक पाडा आहे. नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. तिथे पहिली तार वायरमननी ओढली होती, त्यामुळे त्यांना तिथे घरच्यासारखा मान. त्या पाड्यात बुधीबाई म्हणून एक विधवा बाई, साठीच्या आसपासची, एकटीने शेत करणारी. तिच्या राबाची फिल्म काढायची ठरली. ती म्हणाली, मी काय नाचू का तुमच्यासमोर? हे म्हणाले, तू तुझां काम कर, मी माझां करतो.

ती फिल्म सत्तेचाळीस मिनिटांची झाली. शनिवारी दुपारी चार वाजता सुरू होते. बुधीबाई आधी राबाच्या चारी कडा झाडून मोकळ्या करते, पाण्याची कळशी आणून ठेवते, ओला टहाळा हाताशी घेते. वारा बघते. वाऱ्याच्या उलट बाजूने विस्तव लावते, म्हणजे आग पळत नाही, रांगत जाते. कडेला एक ठिणगी गेली की टहाळ्याने चोपते. ही झाली वीस मिनिटं. पुढची एकोणीस मिनिटं, संध्याकाळची वेळ सांगून, नुसती राख. वायरमननी फोन राखेवर धरला आणि धरूनच ठेवला. मागे डोंगर दिसतो, सुका, पिवळा, पण धड. शेवटी त्यांचा स्वतःचा हात राखेत जातो आणि आवाज येतो, "हात ठेवलाय. गार हाय." मग रविवार. सकाळी तोच राब, तशीच राख. आणि दुपारी डोंगर पेटलेला. धूर डोंगराच्या पलीकडच्या अंगाने येतो, जिथे रस्ता आहे. शेवटची आठ मिनिटं हा रविवार. कोणी लावला ते कोणालाच कळलं नाही, आजही माहीत नाही.

त्याच दिवसांत तालुक्यात पर्यावरणावरच्या हौशी फिल्मांची एक स्पर्धा निघाली. अट एकच, फिल्म पाच मिनिटांच्या आत हवी. वायरमन म्हणाले, मग आपली नाय बसत. विषय संपला. त्यांचा संपला, माझा संपला नाही. मला वाटलं, हा माणूस एवढा उन्हातान्हात तडफडतो, त्याचं चार लोकांत नाव व्हावं. हे खरं आहे. त्या सत्तेचाळीस मिनिटांना मी कंटाळलो होतो आणि फिल्म कशी असावी हे मला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं असं मला वाटत होतं, हेही खरं आहे. मी त्यांच्याकडून फोनमधलं मेमरी कार्ड मागून घेतलं. एक प्रत करून घेतो म्हणालो. दुसरी प्रत करून ठेवा म्हणून मीच त्यांना किती वेळा सांगितलं होतं. ते म्हणायचे, एका घराला एक मीटर. कार्ड देताना एवढंच म्हणाले, "तोडू नका हां."

मी म्हणालो, थोडं आवरून घेतो.

शहापुरात लग्नांचं शूटिंग करणारा एक स्टुडिओवाला आहे. त्याच्याशेजारी बसून मी दोन दुपारी घालवल्या. सगळ्यात आधी वार आणि वेळ काढून टाकल्या. मग कडा झाडणं, कळशी, टहाळा, सगळं संथ वाटलं, गेलं. एकोणीस मिनिटांची राख तर स्टुडिओवाल्याने मला न विचारताच उडवली आणि मी त्याला शाबासकी दिली. राहिलं काय? बुधीबाई विस्तव लावते, जाळ उठतो, आणि लगेच डोंगर पेटलेला. बघायला फार जोरदार दिसत होतं. चित्रामागचं निवेदन मी लिहिलं. 'राब भाजणे' असं आधी लिहिलं होतं. स्टुडिओवाला म्हणाला, सर, भाजणे म्हटलं की लोकांना वांगं आठवेल. मी शब्द बदलला. 'राबासाठी लावलेली एक आग, आणि बघता बघता उभा डोंगर जळून खाक होतो.' हे वाक्य माझं आहे. ते बोलायला रिक्षातून सेलची जाहिरात करणारा एक दमदार आवाजाचा माणूस आणला.

शेवटी नावं टाकताना मी माझं नाव घालू नका म्हणालो. फिल्म, लेखन, सगळं वायरमनच्या नावावर. तो मला मोठेपणा वाटला होता.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी सभागृह भरलं होतं. पाड्यावरून एक जीप भरून माणसं आली होती, बुधीबाई नवं लुगडं नेसून पुढच्या रांगेत. पाच मिनिटांत फिल्म संपली. टाळ्या झाल्या. मी शेजारी बसलेल्या वायरमनकडे बघितलं. ते पडद्याकडेच बघत होते, जिथे आता दुसरी फिल्म सुरू झाली होती. मला वाटलं ते भारावले आहेत. आम्हाला दुसरा नंबर मिळाला. ते बक्षीस घ्यायला उठले नाहीत. मी त्यांच्या वतीने जाऊन घेतलं. परत येईपर्यंत पुढची रांग रिकामी झाली होती.

त्या पाड्याची स्वतःची वन समिती आहे. डोंगर त्यांनी राखलेला. नियम त्यांचेच, आणि कडक. जो डोंगर पेटवेल त्याला दोन वर्षं डोंगर बंद. मोहाची फुलं वेचायची नाहीत, पळसाची पानं काढायची नाहीत, राबाला डहाळ तोडायचा नाही. त्या वर्षी वणवा कोणाच्या हातून लागला याची कुजबुज आधीपासून होतीच, कारण त्या आठवड्यात सहा-सात घरांचे राब झाले होते. आता सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं. तेही कोणाच्या फिल्ममध्ये? तर वायरमनच्या. वेळ सांगितल्याशिवाय जो माणूस गळका नळसुद्धा दाखवत नाही, त्याने दाखवलं म्हणजे तसंच झालं असणार. त्यांच्या खरेपणावर बुधीबाई दोषी ठरली.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. मीटर बघितला नाही. म्हणाले, समितीची बैठक आहे, कार्ड द्या, सगळी फिल्म लावतो म्हणजे मिटलं.

कार्ड माझ्या कपाटात होतं. देणं एवढंच काम होतं. पण समितीचा अध्यक्ष माझा विद्यार्थी. त्या पाड्यातल्या निम्म्या घरांत माझ्या हाताखाली शिकलेलं कोणी ना कोणी आहे. गुरजी खोटं बोलत नाहीत, अशी माझी तिथे ख्याती. पूर्ण फिल्म लागली की पुढचा प्रश्न एकच असणार होता, की मग हे तोडलं कोणी.

मी म्हणालो, "स्टुडिओवाल्याने पुसलं. त्याला जागा हवी होती."

ते दाराकडे वळले. मग म्हणाले, "बरां. गेला तर गेला."

बैठकीला ज्येष्ठ माणूस म्हणून मलाही बोलावलं होतं. मी खुर्चीवर बसलो, वायरमन उभे होते. त्यांनी सांगितलं की बुधीचा राब विझला होता, मी स्वतः हजर होतो, राखेत हात घातला होता. अध्यक्ष म्हणाला, मग फिल्ममधी तसा का नाय? अध्यक्षाने विचारलं, फिल्म कोनाची?

"माझी."

"तोडली कोनी?"

मी त्यांच्यापासून दोन हातांवर होतो. त्यांनी माझ्याकडे मान वळवली नाही.

"माझी म्हटल्यावर तोडली पन माझीच."

मागून कोणीतरी म्हणालं की हा कंदी तोडत नाय म्हनतो आन् बक्षिसाला बरां तोडतो. लोक हसले. बुधीबाई हसली नाही. ती म्हणाली, "वायरमनदादा, मी तुला च्या पाजला व्हता त्या दिवशी." एवढंच. समितीने दोन निर्णय दिले. बुधीबाईला दोन वर्षं डोंगर बंद. आणि वायरमनने पाड्यात पाय ठेवायचा नाही.

मी त्या दिवशी घरी येऊन त्यांच्यावर चिडलो. मनातल्या मनात, पण भयंकर चिडलो. बोलायला काय झालं होतं? बोट दाखवायचं होतं. भांडायचं होतं. एरवी हा माणूस दिव्यावरून माझ्या बायकोशी भांडतो, मेथीवालीशी भांडतो, आणि जिथे भांडायचं तिथे खांबासारखा उभा. तो माझ्यावर ओरडला असता तर मी कबूल झालो असतो, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होतो. ते खोटं होतं. मी नाकारलं असतं आणि लोकांनी माझंच खरं मानलं असतं. हे त्यांना माझ्या आधी कळलं असावं.

पाडा बंद झाला म्हणून ते घरी बसले का? छे. पाड्याच्या अलीकडे एक नाला आहे. दर रविवारी शिडी घेऊन ते नाल्याच्या अलीकडच्या काठावर जायचे, वर चढायचे आणि पलीकडच्या डोंगराची फिल्म काढायचे. "आज वार रविवार. मी नाल्याच्या अलीकडं हजर." लोक येता-जाता बघायचे, बोलायचे नाहीत. मी त्यांना सांगितलं, हा आचरटपणा सोडा, वय काय तुमचं, शिडीवरून पडाल. तर म्हणाले, डोंगराला पुन्हा आग लागली तर कुठनं लागली ते दिसायला पायजे. दोन उन्हाळे ते असे बसले. आग लागली नाही. त्या दोन उन्हाळ्यांत बुधीबाईने राबाला पाला शेजारच्या पाड्यातून डोक्यावर वाहून आणला, हे त्यांना शिडीवरून दिसत होतं आणि ते मला येऊन सांगत होते. मुद्दाम सांगत होते की सहज, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कधीच कळलं नाही. मी विषय बदलायचो.

एक दिवस असेच आले. पावसाळा लागला होता, भिंतींना ओल आली होती. मीटर बघितला, आत आले, चहा घेतला. माझ्या कपाटाकडे बघत बसले. जाताना दारात थांबून म्हणाले, "गुरुजी, हवा लई दमट झालीय. अशी बारीक वस्तू कपाटात ठेवू नये, खराब व्हते. तांदळाच्या डब्यात ठेवावी."

मी विचारलं, कोणती वस्तू.

"कोनतीपन," ते म्हणाले आणि छत्री उघडून गेले.

म्हणजे त्यांना माहीत होतं. पहिल्यापासून माहीत असणार. मी दार लावलं आणि खाटेवर बसलो. मग उठून कार्ड काढलं, चिंधीत बांधलं आणि तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवलं. त्यांना बोलावून हातात दिलं का? नाही. तांदळात ठेवलं. एवढीच माझी धाव.

गेल्या पावसाळ्यात ते गेले. काविळीचं निमित्त झालं. शेवटी भेटायला गेलो तर आपल्या बायकोला म्हणत होते, दवाखान्यातला हा दिवा दिवसा कशाला. माझ्याशी कार्डाचं काही बोलले नाहीत. मीही नाही. त्यांच्या अंत्ययात्रेला पाड्यातून कोणी आलं नाही.

तेरावं झालं आणि मला घरात बसवेना. मी रिक्षा करून पाड्यावर गेलो. बुधीबाई अंगणात नाचणी पाखडत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. फिल्म मी तोडली, शब्द मी बदलले, कार्ड माझ्याकडेच होतं. सांगून झाल्यावर मला वाटलं ती रडेल, किंवा शिव्या देईल, किंवा जाऊ दे म्हणेल. मला वाटतं मी जाऊ दे ऐकायलाच गेलो होतो. तिने सूप खाली ठेवलं नाही.

"मला कशाला सांगता, गुरजी? मी होती ना तिथं."

मी निघायला वळलो.

"ज्यांला दाखवलां त्यांला सांगा," ती म्हणाली आणि पाखडायला लागली.

म्हणून अध्यक्षाला सगळी फिल्म सापडली एवढंच सांगितलं, आणि पुढच्या रविवारी, पाड्याच्या समाजमंदिरात, खिडक्यांना गोधड्या लावून आम्ही फिल्म लावली. सगळी. तांदळात राहिलेलं कार्ड पहिल्या झटक्यात चाललं. वायरमनचा आवाज आला, आज वार शनिवार, दुपारचे चार, मी स्वतः हजर, आणि बायका चपापून गप्प झाल्या. बुधीबाई कडा झाडताना दिसली तेव्हा कोणीतरी म्हणालं, कशी वाकते बघ, तवा कंबार धड व्हती गो तुझी. ती ठिणग्या चोपत होती तेव्हा मागची मुलं मोजत होती. मग राख आली. एकोणीस मिनिटं. मी घड्याळ बघत नव्हतो, पण मला प्रत्येक मिनिट कळत होतं, कारण यातलं एकही मी कधी पुरं बघितलं नव्हतं. स्टुडिओत मी ते बोटाने पुढे सरकवलं होतं. कोणी उठलं नाही. मागे डोंगर धड होता आणि सगळे डोंगराकडे बघत होते. मग त्यांचा हात आला. मग रविवारची सकाळ, आणि पलीकडच्या अंगाने धूर.

फिल्म संपली, गोधड्या काढल्या. मी उभा राहिलो आणि जे अंगणात सांगितलं तेच सांगितलं. लिहून नेलं होतं, कागद खिशातच राहिला. अध्यक्ष माझा विद्यार्थी, त्याने एकदा फक्त "तुमी, गुरजी?" असं विचारलं आणि मग समितीतल्या माणसांशी बोलायला वळला. जरा वेळाने त्याने समितीच्या वतीने सांगितलं की बुधीबाईवरचा ठपका चुकीचा होता, तो काढला, आणि येत्या उन्हाळ्यात डोंगरावरचा पहिला मोह तिने वेचायचा. लोक हो म्हणाले. माणसं उठायला लागली. मला वाटलं संपलं. पाय दुखत होते, पण बसायचं कसं ते कळेना, म्हणून तसाच उभा होतो.

तेव्हा बुधीबाई बसल्या जागेवरून बोलली.

"माझा काडलात, बरां झाला. आन् त्या मानसाला आपन दोन वर्सां नाल्यापल्याड उभा केला, त्याचा काय?"

उठलेली माणसं पुन्हा खाली बसली. प्रश्न समितीला होता. पण त्या वेळी तिथे उभा असलेला माणूस मी एकटाच होतो, आणि सगळे माझ्याकडे बघत होते.